फक्त "सतरा की अठरा" विचारणाऱ्यांनो...

ऑस्ट्रेलियात यूट (मागे उघडा हौदा असलेली पिकअप गाडी) दारात आली की पहिली हौस व्हील्सची, आणि विचारणार काय, तर "सतरा इंची की अठरा?" अहो, व्यास हा त्यातला सगळ्यात सोपा भाग! रुंदी आणि ऑफसेट कोण बघणार? ऑफसेट म्हणजे व्हीलच्या रुंदीचा मध्य आणि गाडीला टेकणारी त्याची बाजू यांतलं अंतर, मिमीत; तो जितका कमी, तितकं व्हील बाहेर.

फोर्डच्या पीएक्स पिढीच्या रेंजर यूटचं कंपनीचं व्हील घ्या: १७×८ (व्यास × रुंदी, इंचांत), ऑफसेट +५५. हौसेचं १७×९, +२०. रुंदी इंचभर वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिमी, ऑफसेट ३५ ने उतरला. बाहेरची कड ४७.७ मिमी बाहेर! ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, दोन्हीकडचे ३५ धरून एकूण ७० मिमीने वाढला, जो तिथल्या नियमांत बसतच नाही. वर बेअरिंगवर ताण, खड्ड्यागणिक स्टीअरिंगला हिसके, आणि पूर्ण वळवून रिव्हर्स घेतलं की टायर आर्चला (चाकावरच्या कमानीला) घासणार. मग म्हणे "लिफ्ट किट टाकतो", म्हणजे गाडी उंच करतो. लिफ्टने वर जागा मिळते हो, पण वळताना टायर जो घेर घेतो तो तेवढाच राहतो!

टोयोटा हायलक्सची जुनी व्हील्स रेंजरला लावणारे महाभाग तर वेगळेच. पीसीडी (बोल्टांची संख्या × त्यांच्या वर्तुळाचा व्यास, मिमीत) ६×१३९.७ जुळतो, कबूल. पण हायलक्सच्या व्हीलचा बोअर (मधलं भोक) १०६.१ मिमी, आणि त्यात बसणारा रेंजरचा हब ९३.१. व्यासात १३ मिमीची ढिलाई हब रिंगशिवाय (ही फट भरणाऱ्या कडीशिवाय) तशीच सोडायची, आणि हायवेवर गाडी थरथरली की शिव्या बॅलन्सिंगवाल्याला!

ऑफसेट व्हीलवरच असतो, बहुतेकदा मागच्या बाजूला, "ईटी"च्या पुढे. पैसे मोजण्याआधी व्हील उलटं करायला काय जातं?