गाळा नियमित करायचाय? मग घाई नको

महापालिकेच्या बाजारातल्या तुमच्या गाळ्याच्या शटरवर नोटीस चिकटवून गेले म्हणे. शुक्रवारी संध्याकाळी ना? मग सगळं रीतसर आहे. नोटीस शुक्रवारी संध्याकाळीच चिकटवायची असते, म्हणजे पुढचे दोन दिवस कोर्टाला कुलूप आणि वकिलाचा फोन बंद. घाबरू नका. पहिलं काम, ती नोटीस वाचू नका. वाचली की मुदत दिसते आणि मुदत दिसली की झोप जाते. त्यापेक्षा शेजारच्या गाळेवाल्याला विचारा. त्यालाही आली असेल तर प्रश्न मिटला. सगळ्यांना आली म्हणजे कुणालाच आली नाही, हा बाजाराचा स्वतःचा कायदा आहे आणि तो कुठल्याही राजपत्रात छापलेला नसल्यामुळे कुणाला रद्दही करता येत नाही.

दुसरं, तुम्ही नेमके कोण हे ठरवायच्या फंदात पडू नका. १८८२ साली लागोपाठ दोन कायदे झाले. चौथ्या क्रमांकाचा मालमत्ता हस्तांतरणाचा, पाचव्या क्रमांकाचा सुविधाधिकारांचा, म्हणजे दुसऱ्याची जागा वापरण्याच्या हक्कांचा. भाडेपट्टा चौथ्यात, परवाना पाचव्यात. भाडेपट्टा असेल तर जागेत तुमचा हक्क; परवाना असेल तर नुसती मुभा, देणारा ‘पुरे’ म्हणाला की उठायचं. एवढासाच फरक, पण त्यावर वकिलांच्या पिढ्या जगल्या. तुमच्या आजोबांच्या कागदावर ‘परवाना’ लिहिलंय, तुम्ही दरमहा ‘भाडे’ भरलंय, रजिस्टरात तुम्ही ‘भोगवटादार’ आहात आणि नोटिशीत त्याच्याआधी ‘अनधिकृत’ लागलंय. चारही शब्द दाव्यात घाला. कागदाला नाव काय दिलंय यापेक्षा त्यातला हेतू काय हे बघायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच सांगून ठेवलंय. पण हेतू बघायला कागद लागतो, आणि तो तर आजोबांच्या ट्रंकेत होता. भाडेकरूला वाचवणारा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागांना लागूच होत नाही, हे वकिलाला ठाऊक आहे. तुम्ही विचारल्याशिवाय तो सांगणार नाही, म्हणून विचारू नका. उगाच त्याचा दिवस खराब.

आता पावत्या. इथे जरा थांबू, कारण सगळा खेळ इथे आहे. जुनी पावती काढा. कार्बन कागदाची निळसर अक्षरं, नाव आजोबांचं. ते जाऊन वीस वर्षं झाली तरी दरमहा भाडं भरतायत; मेल्यानंतर इतका नियमित वागणारा माणूस महापालिकेला दुसरा सापडणार नाही. परवाना वारसांच्या नावावर आपोआप होत नाही, अर्ज करावा लागतो. तो अर्ज मात्र करू नका. केला तर ‘मूळ परवानाधारक मयत’ असा शेरा पडतो आणि ज्या खिडकीवर कालपर्यंत पैसे घेत होते तिथे आज तुम्ही कोण असं विचारतात. आता नवी पावती बघा. ‘भाडे’ हा छापील शब्द पेनने खोडलाय आणि वर जांभळ्या शाईचा शिक्का आहे: ‘वापरापोटी नुकसानभरपाई, हक्कास बाधा न येता’. रक्कम तीच, खिडकी तीच, कारकूनही तोच. फक्त काल तुम्ही भाडेकरू होता आणि आज तुमच्यामुळे महापालिकेचं नुकसान होतंय. हा शिक्का मारताना कारकून तुमच्याकडे बघत नाही. त्याला संकोच वाटतो म्हणून नव्हे, शाईचा पॅड सुकलेला असतो म्हणून. मी एकदा असाच शिक्का नीट वाचायला चष्मा काढला, तर मागची रांग माझ्यावर ओरडली. पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोटमाळ्यावर टाका.

पोटमाळा नाही? लगेच बांधा. सुविधाधिकार कायद्याच्या कलम ६० मध्ये एक गोंडस अपवाद आहे. परवान्याच्या भरवशावर परवानाधारकाने खर्च करून कायमस्वरूपी काम केलं असेल, तर परवाना सहजी काढून घेता येत नाही. बाजारात कुणीतरी हे अर्धवट ऐकलं आणि रातोरात सगळ्या गाळ्यांना पोटमाळे आले. बांधकामाला परवानगी हवी, ही परवान्यातली अट कुणी ऐकलीच नाही. परिणामी जे काम परवाना वाचवायला केलं तेच अटभंगाचा पुरावा ठरलं, आणि महापालिकेने त्याचे फोटोही काढून नेले. छान आलेत म्हणतात.

कोर्टात उभं राहिलात की ऑल्गा टेलिस म्हणा. मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांच्या खटल्यातला १९८५ चा तो निकाल पाठ असलेला माणूस प्रत्येक बाजारात असतो. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असं सर्वोच्च न्यायालयाचं घटनापीठ म्हणालं, ते खरंच आहे आणि मोठंही आहे. पुढचं पान मात्र उलटू नका. तिथे त्याच न्यायालयाने पदपथावरच्या झोपड्या हटवायचा महापालिकेचा अधिकार वैध ठरवलाय. सवलत मिळाली ती ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंतची, म्हणजे पावसाळा उलटेपर्यंतची.

भाडेकरूपण चालेना तर फेरीवाले व्हा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात म्हटलंय की सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाला हटवायचं नाही. त्या कायद्याने नगर पथविक्रेता समिती आणली आणि तिच्यात किमान ४० टक्के जागा निवडून आलेल्या विक्रेत्यांना ठेवल्या. चांगला कायदा आहे हो. रस्त्याकडेच्या टपरीवाल्याला त्याचा खरा आधार आहे. पण तुमचा पक्का गाळा, वर स्लॅब, वीजमीटर आणि तो पोटमाळा! तरी अर्ज करा. एका कोर्टात तुम्ही तीन पिढ्यांचे भाडेकरू, दुसऱ्या अर्जात डोक्यावर छप्पर नसलेले पथविक्रेते. दोन्ही कागदांवर सही एकच असते, पण ती कोण जुळवून बघणार? महापालिकेचा वकील बघेल, एवढंच.

शेवटचं हुकमी अस्त्र म्हणजे समानता. ‘शेजारच्या गाळ्याचं नियमित केलं, माझं का नाही?’ असं प्रतिज्ञापत्रावर लिहा आणि त्याची सगळी कागदपत्रं जोडा. बेकायदा गोष्टीत समानता मागता येत नाही, हे न्यायालयांनी इतक्यांदा सांगितलंय की आता ते ऐकू येईनासं झालंय. तुमच्या अर्जाने तुमचं नियमित होणार नाही, पण शेजाऱ्याचं अनियमित नक्की होईल. तुम्ही जोडलेल्या त्याच कागदांवरून त्यालाही नोटीस जाईल. सलोखा वाढतो.

राजकीय मार्ग विसरलो. नगरसेवकाला गाठा, तो सर्वसाधारण सभेत ठराव करून घेईल की सर्व गाळे नियमित करावेत. पेढे वाटा, फलक लावा. आयुक्त तो ठराव विखंडित, म्हणजे रद्द, करण्यासाठी शासनाकडे पाठवतील आणि मग ठरावही टिकला नाही, नाकारलाही गेला नाही, अशा सुखद अवस्थेत एक निवडणूक निघून जाते. पुढच्या निवडणुकीला तोच ठराव पुन्हा. जळगावात महापालिकेच्या संकुलांतल्या गाळ्यांचे करार २०१२ मध्ये संपले आणि वाद पुढे वर्षानुवर्षं चालला. तेव्हा तुमच्या चार-दोन वर्षांचं कौतुक सांगू नका.

एवढं सगळं केलंत तर एक दिवस ‘जैसे थे’ मिळेल. आयुक्तांनी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ८१ब खाली गाळा रिकामा करायचा आदेश काढला, तुम्ही जिल्हा न्यायाधीशांकडे अपील केलंत, त्यांनी अंतरिम आदेश दिला. वकील हात मिळवतो, तुम्ही त्याला चहा पाजता. आता गाळा हलत नाही. शब्दशः हलत नाही. स्लॅबला पोटमाळ्याच्या वर बारीक चीर गेलीय. महापालिका म्हणते, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, दुरुस्ती कशी करू? तुम्ही सिमेंटचा एक थापा लावलात तर वकील म्हणतो, आदेशाचा भंग होईल, हात लावू नका. म्हणून चिरेखाली बादली ठेवली जाते. बादली भरते ती रात्री, आणि रात्री बाजार बंद असतो.

पावत्यांची पिशवी तिथेच होती. सकाळी उघडलीत तर जांभळा शिक्का पार विरघळून गेलेला, ‘नुकसानभरपाई’ कुठे दिसत नाही. कार्बनची निळी अक्षरं मात्र जागच्या जागी आहेत: आजोबांचं नाव, रक्कम, आणि पेनची रेघ धुऊन निघाल्यामुळे स्वच्छ वाचता येणारं ‘भाडे’. ताबडतोब वकिलाला फोन करा, असला पुरावा रोज मिळत नाही. पण तो उचलणार नाही. पुढची तारीख पावसाळ्यानंतरची आहे.