धरणगावच्या ताईंना उत्तर: जट, बटा आणि माझी चूक

ताई, तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचली आणि उठून आरशासमोर गेले.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ज्या भागात बाईच्या डोक्यातली, देवीची म्हणून राखलेली केसांची जट कापायला घरच्यांची वर्षभर मनधरणी करावी लागते, तिथे मी हौसेने पीळ देऊन केलेल्या बटांवर (ड्रेडलॉक्सवर) 'घरच्या घरी जटा' असा लेख कौतुकाने लिहिते. माझं वाचून तुमच्या भाचीने दर रविवारी बटांना पीळ दिला आणि आता तिच्या कानशिलावरचे केस विरळ झालेत. शिवाय जळगावच्या उन्हात अशा डोक्याला वास येणारच.

आधी भाचीचं. चूक माझीच. 'आठवड्याला पीळ द्या' हे लिहिलं तेव्हा माझ्या बटा जेमतेम पाच महिन्यांच्या होत्या आणि व्हिडिओत पाहिलं ते तसंच उतरवलं. त्या व्हिडिओंतले केस बहुतेक घट्ट कुरळे, त्यांत पीळ टिकतो. आपले सरळ केस दुसऱ्याच दिवशी सुटतात, मग हात पुन्हा पुन्हा तिकडे जातो. पण केस महिन्याला वाढतात साधारण एक सेंटिमीटर. आठवड्याच्या वाढीला पीळ देऊन हाती काय लागणार? ओढ तेवढी मुळांवर बसते, आणि कानशिलावरचे केस आधीच नाजूक.

आता मी पाच-सहा आठवड्यांनी बसते. डोकं ओलसर, कोरफडीचा गर मिक्सरमधून काढून फडक्याने गाळलेला. गाळायचाच, नाहीतर त्याचे कण बटेत सुकून कोंड्यासारखे दिसतात. एक बट घ्यायची, बोटांत धरून दर वेळी एकाच दिशेने पीळ द्यायचा, मुळाशी क्लिप लावायची. टाळूला ताण जाणवला की पीळ जास्त झाला असं समजायचं. बटेच्या अंगावर सुटलेले केस पाऊण मिलिमीटरच्या क्रोशाच्या सुईने आत घ्यायचे. माझ्या ५८ बटांना तीन तास लागतात. मागची बाजू आई करते, कुरकुरत. मेण कधीच लावायचं नाही. आणि केळंही नाही! माहेर रावेरकडचं, केळी घरचीच, म्हणून एकदा लेप लावला. तीनदा धुऊनही बटांतून गाळ निघत होता, उशीला मुंग्या लागल्या त्या वेगळ्याच.

वास उन्हाने येत नाही हो, ओलीने येतो. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा गच्चीवर बटा बघता बघता वाळतात. जपायचं ते श्रावणात. वरून कोरडी वाटणारी बट आतून ओली असते, ती तशीच बांधून झोपलं की कुबट वास धरते. म्हणून पावसाळ्यात डोकं सकाळीच धुते, जुन्या टी-शर्टात एकेक बट दाबून पाणी काढते आणि पंख्याखाली बसते. आमच्या बोअरचं पाणी जड, साबणाचा पांढरा थर बसतो. त्यामुळे पातळ केलेला शाम्पू, आणि शेवटचे दोन तांबे नळाच्या पाण्याचे.

खरा शत्रू कापूस. एका वर्षी वेचणीला डोकं उघडं ठेवून गेले. तेव्हाची रुई अजून चिमट्याने काढते आहे. आता रुमाल बांधल्याशिवाय शेतात जात नाही.

राहिली जट. धुळ्याच्या बसस्थानकावर एका आजींनी माझ्या बटांना हात लावून तो कपाळाला लावला. म्हणाल्या, "कोणता देवनी शे वं माय?" मी म्हटलं, देवाच्या नाहीत, हौसेने केल्यात. त्यांनी हात झटकन मागे घेतला. माझ्या हातावर ठेवलेली दहाची नोट मात्र परत घेतली नाही. ती नोट मला खर्चता आली नाही. तुमची प्रतिक्रिया वाचताना ती आठवली.

जट आलेल्या बाईला विंचरू देत नाहीत, मान दुखली तरी देवीच्या कोपाच्या भीतीने कापू देत नाहीत. अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते वर्षानुवर्षं त्यांच्या घरी जाऊन समजावतात, तेव्हा कुठे कात्री चालते. अशा ठिकाणी 'जटा' हा शब्द मी शोभेला वापरला, हे चुकलंच. लेखाच्या शीर्षकात आज 'बटा' केलंय. पण लेख काढणार नाही. मुली व्हिडिओ बघून करणारच आहेत, निदान चूक कुठे झाली ते मराठीत वाचतील.

'जट काय नि बटा काय, एकच' हे मात्र मला पटलं नाही. माझ्या प्रत्येक बटेभोवती भांग आहे, बोट टाळूला लागतं, शाम्पू आत पोचतो. गेल्या वर्षी मागची एक बट जड झाली, मी भाजीच्या कात्रीने कापली. घरात कोणी नारळ फोडला नाही.

भाचीला सांगा, दोन महिने पीळ पूर्ण बंद, घट्ट अंबाडा नको. कानशिलावरच्या बारीक बटा शेजारच्या बटांत मिळवून टाकता येतील, पण तेही केस सावरल्यावर. विरळ जागा गुळगुळीत, चकचकीत दिसत असेल तर वाट न बघता त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. आणि तिला बटा नकोशाच झाल्या असतील तर एवढ्या कोवळ्या बटा अजून सुटतात: भरपूर कंडिशनर, टोकाकडून वर, मोठ्या दातांचा कंगवा. धरणगाव मला लांब नाही, मी येते. अख्खा रविवार लागेल, दुपारचं जेवण तुमच्याकडे.