पोरीला एमबीए करायचंय? पैशाचे सोपे उपाय

अभिनंदन! पोरीला एमबीएला प्रवेश मिळाला ना? पेढे जरा हात राखून वाटा. पैसा कुठून आणायचा हे नुकताच शिकून आलोय, तुम्हाला फुकटात सांगतो.

सगळ्यात उत्तम म्हणजे वाडवडिलांची बागायत. नसेल तर पुढे वाचा.

महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज भरा. उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून असेल, तर ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या पोरींची पूर्ण शिकवणी फी सरकार देतं (2024 च्या आधी निम्मीच देत होतं). कधी, हे विचारायचं नसतं. आधार तेवढं लिंक करून ठेवा, पोरगी नोकरीला लागेपर्यंत जमा होईल.

पंतप्रधान विद्यालक्ष्मी या केंद्राच्या कर्ज योजनेत तारण नको, जामीनदारही नको. फक्त कॉलेज त्यांच्या यादीत हवं. आमचं नव्हतं.

राहिलं साधं शैक्षणिक कर्ज. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही म्हणतात. आम्हाला हवे होते बारा. गावातलं घर दाखवलं. बँकेतले साहेब म्हणाले, ‘गावठाण? सातबारा आणा.’ अहो, गावठाणातल्या घराला सातबारा कुठून आणू? ग्रामपंचायतीचा घराचा नमुना आठचा उतारा पुढे ठेवला, तो त्यांनी दोन बोटांनी परत सरकवला. मग शेताचा सातबारा नेला. ‘शेतजमीन चालत नाही, एनए (बिगरशेती) लागतं.’ शेवटी मेहुण्यानं साताऱ्यातला फ्लॅट देऊ केला. (असा मेहुणा नसेल तर आधी तो मिळवा.) त्यावर तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या कागदांची तपासणी. बिल्डिंगच बारा वर्षांची आहे! वकील बँकेच्या पॅनेलवरचा, व्हॅल्युअरही पॅनेलवरचा, फी मात्र आपल्या खिशातून, कर्ज मिळो न मिळो. एवढं झाल्यावर साहेबांनी ड्रॉवरमधून विम्याचा फॉर्म काढला. कंपल्सरी आहे का, विचारलं. ‘कंपल्सरी नाही, पण पॉलिसी घ्यावी लागते.’

आणि याच शाखेतून मला गाडीच्या कर्जासाठी दुपारच्या झोपेत फोन येतात. ‘सर, प्री-अप्रूव्हड आहे!’ तेव्हा शेवटचा उपाय, पोरीला चार चाकं लावून बँकेत न्या.

बास झाली थट्टा. बँकवाल्या साहेबांनो, लाज वाटत नाही का हो तुम्हाला? काय काय कागद लागतात ते पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून द्यायला काय जातं तुमचं? गावठाण चालत नसेल तर टोपी उडवणाऱ्या पोरांच्या त्या पोस्टरवर तसं छापा. द्यायचं नसेल तर लेखी नकार द्या. फीची तारीख डोक्यावर असताना ‘वरून मेल आला नाही, सोमवारी या’ म्हणून माणसाला बाकड्यावर बसवून ठेवू नका. आणि ती पॉलिसी तुमच्या टार्गेटसाठी आहे, माझ्या पोरीसाठी नाही, एवढं तरी तोंडावर कबूल करा.