अर्थिंगची पिन तोडू नका

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या मावशीचा काल रात्री फोन आला. पक्कड हातात घेऊन ती विचारत होती, "कॉम्प्युटरच्या प्लगची मोठी पिन तोडू ना रे?" नातेवाइकांच्या ग्रुपवर तिला मेसेज आला होता : कॉम्प्युटर आपोआप बंद-चालू होत असेल तर अर्थिंगची पिन काढा, एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा आतला डबा) उघडून ब्रशने साफ करा, प्रोसेसरवर टूथपेस्ट लावा, कॅबिनेटचं झाकण काढून ठेवा, आणि विंडोजच्या नोंदींत 'इव्हेंट 41' दिसला तर एसएमपीएस जळालाच समजा.

पिनेचा सल्ला जीवघेणा आहे. म्हणे, अर्थिंगमधून करंट उलटा येतो. असं काही होत नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रल या विजेच्या दोन तारांपासून कॅबिनेटच्या पत्र्यापर्यंत छोटे कपॅसिटर (चार्ज साठवणारे भाग) असतात. त्यांतून झिरपणारा बारीकसा करंट अर्थिंग जमिनीत नेतं. पिन तोडली की पत्र्यावर 115 व्होल्टच्या आसपास दाब राहतो आणि हाताला झिणझिण्या येतात. पुढे आत कुठे फेज पत्र्याला टेकली तर अख्खं कॅबिनेट 230 व्होल्टवर जातं, आणि करंटला परतीची वाट नसल्यामुळे एमसीबी (जादा करंट आला की वीज तोडणारा स्विच) पडत नाही. करंटला वाट मिळते ती हात लावणाऱ्याच्या अंगातून, आणि तेवढ्या करंटने एमसीबी पडतच नाही. बडोद्यातल्या जुन्या घरांत आधीच अर्थिंग नसलेलं दोन तारांचं वायरिंग सापडतं, त्यात पावसाळ्यातली ओली फरशी आणि अनवाणी पोरं. असले मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी याचा जरा तरी विचार करावा.

एसएमपीएस उघडणं तितकंच वाईट. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर 300 व्होल्टच्या वर चार्ज असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. धूळ बाहेरूनच ब्लोअरने उडवा.

टूथपेस्ट सुरुवातीला थोडी उष्णता वाहून नेते, हे खरं. पण तिच्यातलं पाणी सुकलं की तिला तडे जातात. याच कामासाठी बनवलेल्या थर्मल पेस्टची ट्यूब काही महाग नसते.

झाकण काढण्यात मात्र तथ्य आहे, पण फक्त तपासणीपुरतं. झाकण काढून टेबलफॅन लावल्यावर मशीन नीट चाललं, तर दोष हवेच्या वाटेत आहे. कायम उघडं ठेवलंत तर धूळ आणि पाली आत जातील.

आता इव्हेंट 41. मायक्रोसॉफ्टच्याच माहितीनुसार त्याचा अर्थ एवढाच, की मशीन रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झालं. कारण उष्णता असू शकतं, वीज असू शकतं, ड्रायव्हरही (एखादा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) असू शकतो. प्रोसेसर तापला तर तो आधी आपला वेग कमी करतो. इंटेलचे बरेच प्रोसेसर 100 अंशांच्या सुमारास हे करतात. त्यानंतरही ताप वाढला तरच मशीन बंद पडतं. तापमान साधं असताना, काही काम चालू नसतानाही मशीन झटक्यात रिस्टार्ट होत असेल, तर विजेवर संशय घ्या. एसएमपीएस कसा असावा हे सांगणाऱ्या इंटेलच्या जुन्या एटीएक्स मार्गदर्शिकेत 12 व्होल्टच्या लाइनला 5 टक्के सूट होती, म्हणजे 11.40 ते 12.60; नव्या मार्गदर्शिकेत खालची मर्यादा थोडी सैल आहे. मशीनवर कामाचा ताण असताना मल्टीमीटरवर (व्होल्ट मोजायच्या यंत्रावर) आपल्या एसएमपीएसच्या खालच्या मर्यादेखाली आकडा दिसला तर एसएमपीएस बदला. आकडा ठीक दिसला तरी एसएमपीएस निर्दोष ठरत नाही, कारण क्षणभराची घसरण साधा मल्टीमीटर पकडत नाही. तेव्हा जाणकाराकडून दुसरा चांगला एसएमपीएस लावून बघावा लागतो.