तारेची उपमा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. चेतापेशीवरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात: चेतापेशीला मी दिलेली विजेच्या तारेची उपमा साफ चूक आहे, नसांत वीज नसतेच, फक्त रसायनं असतात, आणि हे सगळं कळून सामान्य माणसाला उपयोग काय?

पहिलं मान्य. तारेतली वीज लांब जाता जाता घटते. अक्षतंतूतला, म्हणजे चेतापेशीच्या लांब शेपटीतला, संदेश घटत नाही, कारण तो वाटेत पुन्हा पुन्हा नव्यानं तयार होतो. शांत असताना पेशीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा साधारण 70 मिलिव्होल्टनं ऋण असते. संदेश आला की पडद्यातली दारं उघडून सोडियम आत घुसतो, तेवढ्या जागेपुरती आतली बाजू क्षणभर धन होते आणि त्या धक्क्यानं शेजारची दारं उघडतात. मागोमाग पोटॅशियम बाहेर पडून जागा पूर्ववत होते. हे मी लिहायलाच हवं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे.

दुसरं मात्र पटत नाही. सोडियम, पोटॅशियम हे भारित कण, आणि भारित कण वाहिले की तोच विद्युतप्रवाह. हॉजकिन आणि हक्सले या शास्त्रज्ञांनी माकूळ या समुद्री प्राण्याच्या जाड अक्षतंतूवर तो मोजून 1952 साली मांडला. 1963 चं नोबेल त्यावरच. रसायनांचं काम मुख्यतः दोन पेशींमधल्या फटीत.

गुऱ्हाळावर तुमच्या मनगटावर गरम काकवी पडली, आधी झणका आला आणि हात झटकून झाल्यावर आग सुरू झाली, हे तुम्ही प्रतिक्रियेत फार नेमकं टिपलंय. ते दोन वेगळे तंतू. झणका मायलिनचं (एका चरबीयुक्त थराचं) पातळ वेष्टण असलेल्या तंतूतून येतो, सेकंदाला 5 ते 30 मीटर. आग येते ती विनावेष्टण तंतूतून, सेकंदाला जेमतेम मीटरभर.

आता उपयोग. माझ्या वडिलांना मधुमेह आहे. गेल्या वर्षी कोल्हापूरच्या चप्पल लाइनमधून त्यांना नवी कोल्हापुरी घेतली. नवी कोल्हापुरी चावतेच, आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. त्यांना चावली नाही, म्हणून आम्ही कातड्याचं कौतुक करत राहिलो. तिसऱ्या दिवशी आईला अंगठ्याच्या पट्ट्याला वाळलेलं रक्त दिसलं. खाली नखाएवढी जखम, आणि त्यांना पत्ताच नाही.

अंगठ्यातून संवेदना आणणाऱ्या पेशीचा मुख्य भाग कमरेपाशी, मणक्याशेजारी असतो. तिथून मीटरभर लांब तंतूला प्रथिनं पुरवावी लागतात. मधुमेहात सर्वांत लांब तंतू आधी खचतात, म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होतो. तार म्हणून बघितलं तर हे कळतच नाही. तारेला कुणी पोसावं लागत नाही. म्हणूनच तुमचा पहिला आक्षेप मला इतका लागला.

आता रोज रात्री जेवणं झाली की मी बॅटरी घेऊन त्यांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघतो. तुमच्या घरी कुणाला साखर असेल तर आजच बघा.