आजोबांचं तरट आणि तुमची झूल

दादा, उत्तराला आठवडा लागला. बागेत डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं) चालू होतं, आणि दिवसभर द्राक्षाच्या घडांमागे फिरल्यावर रात्री मोबाइलवर एवढं लिहायचं त्राण राहत नाही.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. 'थंडीत माझे घोडे उघडेच असतात' असं मी मागच्या लेखात लिहिलं, त्यावर मिरजेच्या ह्या दादांनी चांगलंच सुनावलंय. "ताई, पुस्तकं वाचून घोडे पाळू नका. माझ्या आजोबांचा टांगा होता, स्टँडवर त्यांच्या घोड्याच्या पाठीवर कायम तरट असायचं. मी तर १२०० डेनियरची झूल घेतलीय, ऑक्टोबर संपला की चढवतो. पहाटे कान हाताला गार लागतात तेव्हा जीव तुटतो. मुक्या जनावराला बोलता येत नाही, म्हणून उघडं ठेवायचं का?"

पुस्तकांचं राहू द्या. मी निफाड तालुक्यात राहते. दर हिवाळ्यात पेपरात 'निफाडचा पारा घसरला' अशी बातमी येते, ते हेच. पारा पाच-सहावर आला की आम्ही बागेत शेकोट्या पेटवतो. त्यामुळे मला थंडी ठाऊक नाही, असं तरी म्हणू नका.

आता आजोबा. दादा, तुमच्या प्रतिक्रियेत मला सगळ्यात पटलं ते हेच, आणि ते माझ्याच बाजूचं आहे. टांग्याचा घोडा तीन-चार मैल पळून घामाघूम होऊन स्टँडवर येतो. पुढची सवारी मिळेपर्यंत वाऱ्यात उभा राहतो. ओलं अंग आणि वरून वारा, म्हणजे अंगातली उष्णता भराभर जाणार. अशा वेळी पाठीवर आणि पुठ्ठ्यावर तरट टाकायलाच हवं. तरट जाडंभरडं, विरळ विणीचं. घाम ओढून घेतं, वाफ बाहेर जाऊ देतं आणि वारा थोपवतं. परदेशात ह्याच कामासाठी 'कूलर' नावाची वेगळी झूल विकतात. पण सवारी आली की आजोबा ते तरट काढत असणारच, कारण तरट घालून घोडा टांग्याला कुणी जुंपत नाही. तुम्हाला ते कायम दिसलं, कारण तुम्ही घोडा पाहिलात तो उभा असताना. ऑक्टोबरात चढवून फेब्रुवारीत उतरवायची झूल ही गोष्ट निराळी.

तुमचा जीव तुटतो तो खरा. पण थंडी कुणाला वाजतेय, हे आधी बघू. उघड्या अंगाच्या माणसाला साधारण २८ ते ३० डिग्रीला बरं वाटतं. त्याखाली शरीराला ऊब राखायला काम करावं लागतं. धडधाकट, कोरड्या, भरल्या पोटाच्या मोठ्या घोड्यासाठी हाच पट्टा ढोबळमानाने ५ ते २५ डिग्रीचा. आपण स्वेटरमध्ये कुडकुडतो तेव्हा तो मजेत असतो. दिवस लहान व्हायला लागले की त्याच्या अंगावर हिवाळी केस यायला सुरुवात होते. ते थंडीपेक्षा उजेडाच्या तासांवर चालतं. गारठ्यात हे केस ताठ उभे राहतात आणि मधे हवेचा थर धरून ठेवतात. वरून पातळ चादर टाकली की केस चपटे होतात, थर जातो आणि बदल्यात फारसं काही मिळत नाही.

शेगडी तर त्याच्या पोटातच आहे. गवत-कडबा मोठ्या आतड्यात आंबतो आणि त्यातून उष्णता तयार होते. कडाक्याच्या रात्री मी झुलीऐवजी वैरणीची पेंढी वाढवते. चंदी नाही, वैरण. धान्य त्या मानाने लवकर पचतं, रात्रभर धुमसत राहतो तो चाराच.

कानांवर जाऊ नका. गारठ्यात शरीर कानांकडचं आणि पायांकडचं रक्त आवरून घेतं, म्हणून ते गारच लागणार. हात घालायचा तो झुलीखाली, खांद्यामागे. तिथे कोरडं आणि कोमट लागलं तर ठीक. दमट लागलं तर झूल जास्त झाली. घोडा थरथरत असेल, अंग चोरून उभा असेल, तर मात्र चर्चा नको, पांघरूण घाला.

डेनियरबद्दल. १२०० डेनियर म्हणजे ऊब नव्हे. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये वजन म्हणजे डेनियर. आकडा मोठा तेवढं वरचं कापड दणकट, खिळ्याला-काट्याला लवकर फाटत नाही, एवढंच. ऊब ठरते आतल्या भरणावरून, तो चौरस मीटरला किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं. शून्य असेल तर ते नुसतं पावसा-वाऱ्याचं आवरण. १०० हलकं, २०० मध्यम, ३००-४०० बर्फातल्या देशांचं. तुमच्या झुलीचं लेबल बघा. ३०० असेल, तर मिरजेत तुम्ही घोड्याला रजईत गुंडाळलंय.

आपल्याकडची खरी पंचाईत पहाटेची नाहीच, दुपारची आहे. इथे पहाटे आठ आणि दुपारी अठ्ठावीस. हे मी चुकून शिकले. तीन वर्षांपूर्वी सकाळी एका लग्नाला निघाले, झूल काढायला विसरले, कुणाला सांगितलंही नाही. संध्याकाळी परत आले तर घोडी आतून भिजलेली, आणि ऊन उतरल्यावर त्याच घामात गारठायला लागलेली. त्याच हिवाळ्यात दुसरीही चूक. आठ-दहा दिवस झूल पूर्ण उतरवून खरारा केलाच नव्हता. उतरवली तेव्हा खांद्याचे केस घासून गेलेले आणि बरगड्या दिसायला लागलेल्या. घोडी वाळत होती आणि झुलीखाली मला दिसत नव्हती. त्या लेखात मी एवढं ठासून लिहिलं, त्यामागे हे आहे.

खांद्याचं कारण पुढे कळलं. तयार झुली बहुतेक रुंद छातीच्या विलायती घोड्यांच्या बेताने शिवलेल्या. आपला मारवाडी छातीला अरुंद. त्याच्या अंगावर झूल मागे सरकते आणि खांद्याला काचते. छातीच्या मध्यापासून कुशीवरून शेपटीच्या कडेपर्यंत टेप धरून माप घ्या, पोटाखालच्या पट्ट्यात एक पंजा आडवा जाईल एवढी ढील ठेवा.

आता 'मुकं जनावर'. नॉर्वेत संशोधकांनी २३ घोड्यांना पाट्या ओळखायला शिकवल्या. एका खुणेचा अर्थ झूल घाला, दुसरीचा काढा, कोरी पाटी म्हणजे आहे तसं राहू द्या. घोडे नाकाने पाटी दाखवायचे. हे २०१६ मध्ये छापून आलं. चांगल्या हवेत त्यांनी झूल नको म्हटलं, आणि गार पाऊस-वाऱ्यात मागितली.

हा दुसरा भाग तुमच्या बाजूचा आहे, आणि तो माझ्या लेखात नव्हता. भिजलेले केस हवा धरत नाहीत. आडोसा नसलेल्या घोड्याला अवकाळी पावसात वॉटरप्रूफ झूल हवीच. वॉटरप्रूफ नसलेली भिजली तर न घातलेली बरी. म्हातारा, वाळलेला, आजारातून उठलेला, अंगाचे केस मशीनने भादरलेला घोडा, सारंगखेड्याच्या बाजारातून रात्री उघड्या टेम्पोतून येणारा घोडा, ह्या सगळ्यांना पांघरूण लागतं. माझे शेजारी त्यांच्या पंचविशीतल्या घोडीला रोज संध्याकाळी झूल घालतात, सकाळी नऊला उतरवतात, आणि त्यात मला काही चूक दिसत नाही. लेखात 'घोडे' असं सरसकट लिहिलं, तिथे 'धडधाकट घोडे' अशी दुरुस्ती केलीय. ती तुमच्यामुळे.

एक विचारायचं होतं. पूर्वी ओल्या घोड्याच्या पाठीवर आधी सुकं गवत पसरून मग वर तरट टाकायचे, म्हणजे मधे हवा खेळते आणि अंग लवकर सुकतं. तुमचे आजोबा तसं करायचे का? आणि तरट एकपदरी असायचं की दोन पोती उसवून जोडलेलं? घरात कुणाला आठवत असेल तर विचारून इथेच लिहा.