बेअरिंग आणि पेट्रोलची वाटी

मासेमारीच्या रीलचं, म्हणजे गळाची दोरी गुंडाळायच्या चक्राचं, बेअरिंग करकरायला लागलं की एक सल्ला हमखास मिळतो : ‘वाटीत पेट्रोल नाहीतर ॲसिटोन घ्या, बेअरिंग बुडवा, हवा मारून वाळवा. जेवढं जहाल सॉल्व्हंट, तेवढी चोख सफाई. सुंईऽऽ करून फिरलं की काम झालं.’

आधी ‘जहाल ते चोख’ हे बघू. पेट्रोल ग्रीस काढतं, त्यात वाद नाही. पण समुद्रावर वापरलेल्या रीलची करकर बऱ्याचदा मिठाची असते, आणि मीठ पेट्रोलमध्ये विरघळत नाही. ॲसिटोनमध्येही जवळजवळ नाहीच. असं एक बेअरिंग मी तीनदा पेट्रोलने धुतलं; वाळलं की छर्र्यांच्या कडेला तीच पांढरट रेघ. शेवटी कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब. पाच मिनिटांत गेली. मात्र पाणी आत राहिलं तर गंज ठरलेला, म्हणून लगेच आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दोनदा खळबळायचं. ते पाण्यात मिसळतं आणि पाण्याला घेऊन बाहेर पडतं. बाटली ९९ टक्क्यांची हवी. ७० टक्केवालीत उरलेलं बहुतेक पाणीच असतं.

घट्ट झालेल्या जुन्या ग्रीसपुढे हे अल्कोहोल तोकडं पडतं, हेही खरं. तिथे आधी मिनरल टर्पेंटाइन (रंग पातळ करायला वापरतात ते), मग अल्कोहोल.

‘स्टीलला काय होतंय?’ स्टीलला काहीच नाही. पण कडेचं रबरी सील बहुधा नायट्राइल नावाच्या रबराचं असतं आणि ते ॲसिटोनमध्ये फुगतं. वन-वे (एकाच दिशेने फिरणाऱ्या) बेअरिंगमधलं प्लॅस्टिक कुठल्या जातीचं, हे तर डब्यावर कोणी लिहीत नाही. हातातले नायट्राइलचे मोजेही ॲसिटोनपुढे टिकत नाहीत.

आगीचा मुद्दा या सल्ल्यात येतच नाही. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून वाफ पेटू शकते तो, उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास, ॲसिटोनचा उणे २० च्या. म्हणजे घरातल्या कुठल्याही तापमानाला वाफ पेट घ्यायला तयार. ती हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरपटत शेगडीपर्यंत पोचते. पेट्रोलमध्ये कर्करोगकारक बेंझिन असतं, ते वेगळंच. अल्कोहोलही निर्धोक नाही, त्याचा आकडा साधारण १२ अंश. म्हणून खिडकी उघडी, जवळपास ज्योत नाही आणि बेअरिंग बुडेल एवढंच घ्यायचं. मिनरल टर्पेंटाइनचा ३० च्या वर, तेवढा जीव भांड्यात.

हवा मारताना आतली-बाहेरची दोन्ही कडी बोटांनी धरून ठेवा. कोरडं बेअरिंग हवेने भिंगरीसारखं फिरवायला मजा येते, पण त्यात छर्रे ओरखडतात.

आणि ती ‘सुंईऽऽ’? ती फक्त आत तेल नसल्याची खूण. असंच बसवलं तर थोड्याच दिवसांत गंजेल. सुईच्या टोकाने रीलच्या तेलाचा एक थेंब सोडा. बेअरिंग थोडं लवकर थांबेल, आवाजही जाईल. तसंच हवं.